आरएक्स १०० चा व्हीएम २०: अस्सल, मिककार्ब आणि बाजारातली कॉपी

यामाहा आरएक्स १०० च्या ९८ सीसी टू-स्ट्रोक इंजिनावर मिकुनीचा व्हीएम २० कार्बोरेटर येतो. एस्कॉर्ट्सने ही गाडी १९८५ ते १९९६ या काळात भारतात बनवली, त्यामुळे गाडीसोबत आलेला सगळ्यात नवा कार्बोरेटरसुद्धा आता तीस वर्षांच्या घरात आहे. बाजारात याच नावाने तीन वेगळ्या वस्तू हातात पडतात: जपानी मिकुनी, चेन्नईच्या युकॅलने मिकुनीच्या सहकार्याने बनवलेला मिककार्ब, आणि नाव नसलेली किंवा भलतंच नाव कोरलेली कॉपी. निकाल आधीच सांगतो. जुनी अस्सल बॉडी आतून घासलेली नसेल तर ती टाकू नका. तिच्यात अस्सल सुई, नीडल जेट (जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) आणि सील घाला. कॉपी नवी दिसते, पण घरी जुळवायला बसलात की तिचा हिशोबच लागत नाही.

घरी जुळवण्यासाठी यापेक्षा सोपा कार्बोरेटर नाही. एक्सलेटर पिळला की वायर थेट स्लाइड, म्हणजे हवेची वाट उघडझाक करणारा सरकता दट्ट्या, उचलते, मध्ये रबराचा पडदा वगैरे काही नाही. पुढच्या काळातल्या बऱ्याच फोर-स्ट्रोक गाड्यांवर आलेल्या बीएस जातीच्या कार्बोरेटरमध्ये स्लाइड व्हॅक्यूमवर उठते, आणि त्या पडद्याला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी गाडी वरच्या रेसला मरगळते. व्हीएममध्ये ती भानगड नाही. बाहेर दोन स्क्रू: एक आयडलचा, जो स्लाइड किती खाली बसेल ते ठरवतो, आणि दुसरा हवेचा. आत स्लो जेट, स्लाइडचा कट, सुई आणि तिचा नीडल जेट, आणि मेन जेट. प्रत्येकाचा इलाखा ठरलेला. बंदपासून पाव थ्रॉटलपर्यंत (थ्रॉटल म्हणजे एक्सलेटर किती पिळला ते) स्लो जेट आणि हवेचा स्क्रू. साधारण एक अष्टमांश ते पाव या टप्प्यात स्लाइडचा कट बोलतो. पाव ते पाऊण सुईचं राज्य. त्यापुढे मेन जेट.

म्हणून पहिलं काम स्पॅनरचं नाही, चिकटपट्टीचं. ग्रिपवर आणि शेजारच्या स्विचच्या घरावर पांढरी पट्टी लावा. बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण अशा खुणा करा. गाडी कुठे अडखळते हे आता रेसच्या आवाजावरून नाही, थ्रॉटलच्या खुणेवरून सांगता येतं. नव्वद टक्के चुकीची दुरुस्ती इथेच टळते, कारण "साठला गेल्यावर मिसिंग मारते" या तक्रारीवरून कुठला जेट हे कुणालाच कळत नाही, पण "अर्ध्या खुणेवर मिसिंग मारते" म्हटलं की सुईकडेच जायचं असतं.

कार्बोरेटर उघडण्याआधी काही गोष्टी बघायच्याच, नाहीतर दुसऱ्याचा दोष त्याच्या माथी बसतो. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल तर गाडी काही किलोमीटर चांगली पळते, मग पेट्रोल संपल्यासारखी मरते आणि झाकण उघडून लावलं की पुन्हा चालू होते. कॉकची नळी काढून पेट्रोल बाटलीत सोडा, धार सलग आली पाहिजे. आरएक्समध्ये पेट्रोल नुसतं वजनाने खाली येतं, पंप नाही. त्यामुळे बारीक कागदाचा इनलाइन फिल्टर लावला तर पूर्ण थ्रॉटलला कटोरी (कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठणारी वाटी) रिकामी पडू शकते, जाळीचा फिल्टर घ्या. कार्बोरेटर आणि सिलिंडरमधला रबर जॉइंट दाबून बघा, उन्हाने तडकलेला असतो. थंड इंजिन चालू करून त्या रबराभोवती डब्ल्यूडी-४० चा अगदी छोटा फवारा मारा. रेस बदलली तर तिथून हवा शिरतेय. सायलेन्सर तापलेला असताना हे अजिबात करू नका.

टू-स्ट्रोकमध्ये अजून एक जागा आहे जी कार्बोरेटरवाले विसरतात: क्रँकचे ऑइल सील. मॅग्नेटोच्या बाजूचा सील गेला तर तिथून हवा ओढली जाते, आयडल आपोआप वर चढतं आणि एक्सलेटर सोडल्यावरही रेस लवकर खाली येत नाही. क्लचच्या बाजूचा गेला तर गिअर ऑइल ओढलं जातं, पांढरा दाट धूर आणि सतत ओला प्लग. या दोन्हींवर जगातला कुठलाही जेट उपाय नाही. सील बदलल्याशिवाय हवेच्या स्क्रूला हातही लावू नका. लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी) चाललेला टू-स्ट्रोक नुसता मिसिंग मारून थांबत नाही, पिस्टन जाम करतो.

आता साफसफाई. व्हीएमचे स्क्रू जपानी जेआयएस घाटाचे असतात, साधा चौफुली पेचकस त्यांत नीट बसत नाही आणि डोकं सोलतो. जेआयएस पेचकस मिळाला तर उत्तम. नाहीतर टोक बरोबर बसेल तोच घ्या, आधी एक हलका ठोका द्या, मग फिरवा. कटोरी काढली की मेन जेट समोर दिसतो, स्लो जेट खोल नळीत असतो. स्लो जेटला अगदी त्याच्या खाचेएवढाच पेचकस लागतो. मोठा घातला तर नळीची भिंत खरवडते, छोटा घातला तर पितळेची खाच तुटते. मेन जेट काढल्यावर नीडल जेट खालून वर ढकलून स्लाइडच्या बाजूने निघतो. परत बसवताना त्याची खाच आतल्या पिनेशी जुळली पाहिजे. न जुळवता मेन जेट आवळला तर नीडल जेट तिरका बसतो आणि सुई घासायला लागते.

जेटमध्ये पिन, गिटारची तार किंवा क्लच वायरचं टोक घालू नका. पितळ पोलादापुढे मऊ आहे, भोक मोठं होतं आणि वर कोरलेला आकडा खोटा ठरतो. विजेच्या वायरमधली तांब्याची एक बारीक काडी चालते. कार्ब क्लीनर मारा, दहा मिनिटं ठेवा, मग हवा मारा. फवारा मारायच्या आधी प्रत्येक रबर काढून बाजूला ठेवा: फ्लोटच्या सुईचं टोक, चोकच्या दांड्याखालचं रबर, कटोरीचं गॅस्केट. क्लीनरने हे फुगतात आणि पुन्हा जागेवर बसत नाहीत. फ्लोटची सुई पेट्रोल धरते का हे बघायला कार्बोरेटर उलटा धरा आणि पेट्रोलच्या नळीतून तोंडाने हलकं फुंका. हवा अडली पाहिजे, आणि फ्लोट बोटाने उचलला की सुटली पाहिजे. उलटं असूनही हवा जात असेल तर सुई आणि तिची सीट दोन्ही बदला. नुसती सुई बदलून ओव्हरफ्लो बऱ्याचदा परत येतो, कारण सीटवर जुन्या सुईची गोल रेघ पडलेली असते.

स्लाइड घालताना तिचा कापलेला भाग एअर फिल्टरकडे, आणि बाजूची खाच बॉडीतल्या पिनेवर. उलटी घातली तर स्लाइड पूर्ण खाली बसत नाही, आणि किक मारताच इंजिन पूर्ण रेसला उडतं. झाकण आवळल्यावर एक्सलेटर पिळून सोडा. स्लाइड तळाला बसल्याचा टक् असा आवाज आला पाहिजे. तो ऐकल्याशिवाय किक मारायची नाही.

आरएक्सची वायर पुढे दुभागते: एक फांदी कार्बोरेटरला, दुसरी ऑटोल्यूबच्या, म्हणजे टू-स्ट्रोक ऑइल आपोआप पुरवणाऱ्या यंत्रणेच्या, ऑइल पंपाला. कार्बोरेटर काढला, वायर बदलली किंवा तिचं अ‍ॅडजस्टर फिरवलं की पंपाच्या चाकावरची खूण जागेवर आहे का ते मॅन्युअलप्रमाणे बघायलाच हवं. कार्बोरेटर अगदी बरोबर जुळलाय आणि पंप मागे पडलाय, अशा गाडीचा पिस्टन घाटात जाम होतो आणि दोष मेन जेटवर जातो.

जुळवण्याचा क्रम माझ्या मते मेन जेट, मग स्लो, मग सुई. कारण सुईतून जाणारं पेट्रोलही मेन जेटमधूनच येतं. मेन बदलला की सुईचा हिशोब थोडा हलतो, म्हणून सुई शेवटी. मेन जेट नेहमी मोठ्याकडून छोट्याकडे आणा. मोठा जेट फक्त गुरगुरतो, छोटा जेट पिस्टन खातो. पूर्ण थ्रॉटलला इंजिन बंबंबं असं एकाआड एक फायर करत असेल तर ते रिच (पेट्रोल जास्त), एक पायरी खाली या. पूर्ण थ्रॉटलवरून किंचित मागे घेतल्यावर गाडी जास्त ओढत असेल तर लीन, ताबडतोब वर जा. शंका असेल तर त्याच खुणेवर थ्रॉटल धरून चोक जरासा ओढा. गाडी सुधारली तर त्या टप्प्यात पेट्रोल कमी पडतंय, बिघडली तर जास्त होतंय. ही चाचणी चारही टप्प्यांत चालते आणि फुकट आहे.

प्लगचा रंग बघायचा तर आयडलवर गाडी घरी आणून प्लग उघडण्यात अर्थ नाही, तो रंग स्लो जेटचा असतो. मोकळ्या रस्त्यावर नवा किंवा घासून साफ केलेला प्लग लावून हव्या त्या खुणेवर साधारण किलोमीटरभर धरा, मग क्लच दाबून त्याच क्षणी चावी बंद. गाडी घरंगळत थांबू द्या आणि तिथेच प्लग काढा. आजच्या शिसेविरहित पेट्रोलवर रंग फिका उठतो, म्हणून टोकाकडे नाही, चिनीमातीच्या अगदी मुळाशी टॉर्च मारून बघा. तिथे फिकट तपकिरी कडं हवं. पांढराशुभ्र प्लग म्हणजे थांबा.

हवेच्या स्क्रूची पद्धत अशी. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा, वायरला दोन-तीन मिलीमीटर ढील आहे हे बघा. स्क्रू हलक्या हाताने तळाला टेकवा (आवळला तर टोकाला रिंग पडते आणि तो कायमचा गेला), मग दीड फेरा बाहेर काढा. आयडल थोडं चढवून ठेवा. आता पाव-पाव फेरा फिरवत जा आणि प्रत्येक वेळी इंजिनला काही सेकंद द्या. रेस सगळ्यात वर जिथे जाते ती जागा, तिथून अगदी अर्धा पाव आत, म्हणजे किंचित रिच. मग आयडलचा स्क्रू उतरवा आणि एकदा पुन्हा सगळं तपासा. व्हीएम २० चा हा स्क्रू हवेचा आहे, त्यामुळे आत फिरवला की पेट्रोल वाढतं. इंजिनाच्या बाजूला स्क्रू असलेल्या बऱ्याच फोर-स्ट्रोक कार्बोरेटरमध्ये नेमकं उलटं असतं, आणि त्या सवयीने आरएक्सला हात लावणारे तिला लीन करून देतात. सगळ्यात चांगली जागा एका फेऱ्याच्या आत आली तर स्लो जेट छोटा आहे. अडीच फेऱ्यांच्या पुढे गेली तर मोठा. स्क्रूने जेटची चूक झाकायची नाही.

सुईवर पाच खाचा असतात. क्लिप एक खाच खाली सरकवली की सुई वर येते, पेट्रोल वाढतं. सुईवरचा कोडही वाचता येतो: पहिला आकडा लांबीचा गट सांगतो, पुढची अक्षरं निमुळतेपणा, ए म्हणजे पाव अंश आणि पुढे प्रत्येक अक्षराला पाव अंश जास्त. नीडल जेटवर ओ-० असेल तर भोक २.६०० मिमी, ओ-२ म्हणजे २.६१०, पी-० म्हणजे २.६५०. ही बारकाई मुद्दाम सांगतोय, कारण या कार्बोरेटरचं खरं दुखणं इथेच आहे. सुई इंजिनाच्या थरथरीने वर्षानुवर्षं नीडल जेटच्या कडेला घासते आणि भोक अंडाकृती होतं. ओ-२ आणि पी-० मध्ये फरक फक्त ०.०४ मिमी. एवढं घासलं की अर्ध्या थ्रॉटलला गाडी रिच, प्लग काळा, मायलेज गेलेलं, आणि जेटवरचा आकडा मात्र तोच. मग मेकॅनिक मेन जेट लहान करतो, अर्धा थ्रॉटल जरा बरा वाटतो आणि पूर्ण थ्रॉटलला पिस्टन धोक्यात. जुन्या आरएक्सवर पहिला खर्च करायचाच असेल तर सुई आणि नीडल जेटची अस्सल जोडी घ्या. दोन्ही एकदम, एकटं एक नाही.

बॉडी गेली की नाही हे कसं ओळखायचं? स्लाइड कोरडी करून घाला. स्वतःच्या वजनाने खाली गेली पाहिजे, पण एअर फिल्टरच्या बाजूने बोटाने हलवल्यावर खडखडता कामा नये. स्लाइड बंद करून दुसऱ्या बाजूने टॉर्च धरा. बाजूंनी उजेडाची रेघ दिसत असेल तर आयडल कधीच स्थिर राहणार नाही. नवी स्लाइड घालून थोडा फरक पडतो, पण बोअर, म्हणजे स्लाइड जिच्यात सरकते ती पोकळी, अंडाकृती झाला असेल तर तोही टिकत नाही. अशा वेळी पूर्ण कार्बोरेटर घेणं योग्य, आणि घ्यायचा तर अस्सल.

कॉपीबद्दल राग किमतीचा नाही. तिचे जेट आकड्याप्रमाणे वाहत नाहीत, हा खरा आक्षेप. १०० लिहिलेला जेट काढून ९५ घातला आणि प्लगचा रंग उलट आणखी काळा झाला, असं होऊ शकतं. मग पायरी-पायरीने जुळवण्याला आधारच उरत नाही. सुईवर कोड नसतो किंवा असतो तो दुसऱ्याच सुईचा. चोकचा दांडा नीट बसत नाही आणि गाडी कायम थोडी चोकवर चालते, ज्यावर लोक स्लो जेट बदलत बसतात.   कॉपीच घ्यावी लागली तर त्यातले मेन, स्लो, सुई, नीडल जेट चारही काढून अस्सल घाला. हे सगळं केल्यावर किमतीतली बचत फारशी उरत नाही. आणि जेट अस्सल घेतानाही मिकुनीचेच घ्या. केहिन या दुसऱ्या जपानी कंपनीचा १०० आणि मिकुनीचा १०० ही एकच गोष्ट नाही, दोघांची मोजण्याची रीत वेगळी आहे.

मिककार्बला मात्र उगाच नावं ठेवली जातात. जपानी शिक्का हवा म्हणून घासलेला जपानी कार्बोरेटर चढ्या भावाने घेणारे खूप आहेत. सरळ बोअरचा मिककार्ब त्यापेक्षा केव्हाही बरा. शिक्क्याने आयडल लागत नाही.

ई २० पेट्रोलचा, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा, मुद्दा टाळता येत नाही. ही गाडी बनली तेव्हा पंपावर इथेनॉल नव्हतं. साध्या पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, ई २० ला सुमारे १३.५ पट. म्हणजे त्याच जेटवर मिश्रण जवळजवळ आठ टक्के लीन. इंजेक्शनची गाडी, ऑक्सिजन सेन्सर असेल तर, हे स्वतः भरून काढते. आरएक्सला ते तुम्हीच करायचं: मेन एक पायरी मोठा, क्लिप एक खाच खाली, मग प्लग बघून निर्णय. इथेनॉल पाणी ओढतं आणि जुनी रबरं फुगवतं. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि गोव्यात, पंधरा दिवस गाडी उभी राहणार असेल तर कॉक बंद करून कटोरीतलं पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालू ठेवा. हे न केल्यास पांढरट-हिरवट थर सगळ्यात आधी स्लो जेटमध्ये बसतो, आणि गाडी चोकशिवाय आयडलवर टिकतच नाही.

उंचीची काळजी लोक जरा जास्तच करतात. मुंबईहून पुण्याला आलेल्या गाडीला हवेचा स्क्रू किंचित बाहेर पुरतो. महाबळेश्वर १,३५० मीटरच्या आसपास आहे, हवा बारा टक्के विरळ, मिश्रण सहा टक्क्यांच्या आसपास रिच, म्हणजे मेन जेटची एक पायरी. दोन दिवसांसाठी जेट बदलू नका. तिथे लीन करून घाट उतरून खाली आलात तर भर उन्हात तोच जेट छोटा ठरतो.

मोठा कार्बोरेटर, म्हणजे २४ किंवा २६ मिमीचा, मूळ सिलिंडरवर लावू नये असं माझं ठाम मत आहे. गळा मोठा झाला की खालच्या रेसला हवेचा वेग पडतो, सुईकडून पेट्रोल नीट उचललं जात नाही आणि आरएक्सची जी ओळख, तो खालून येणारा पिकअप, तोच जातो. पोर्ट, सायलेन्सर, रीड सगळं बदललेल्या इंजिनाचा विषय वेगळा आहे. ओपन फिल्टरही तसाच: एअर बॉक्स काढला की सगळे टप्पे लीन होतात, फक्त मेन मोठा करून ते भरत नाही.

खरेदीला पुण्यात नाना पेठ आहे, आपापल्या शहरातही तशी गल्ली असतेच. जाताना जुने जेट, सुई आणि नीडल जेट छोट्या डबीत सोबत न्या. दुकानदाराला "आरएक्सचं किट द्या" म्हणू नका, कोड दाखवून भाग मागा. किटमधली गॅस्केट आणि ओ-रिंग वापरण्यासारखी असतात, जेट बहुतेक वेळा नसतात. नवी सुई पाकिटातून काढून जुनीच्या शेजारी उजेडासमोर धरा, खाचांपासून टोकापर्यंत दोन्हींची रेघ जुळली पाहिजे. मेन जेट तीन घ्या: सध्याचा, एक वरचा, एक खालचा. सुईची क्लिप दोन जास्तीच्या घ्या, ती उडून गॅरेजच्या कोपऱ्यात गेली की सापडत नाही, आणि तारेची घरगुती क्लिप करून लावली तर ती तुटून इंजिनात जाऊ शकते.